पाहुणे येतील तेव्हा मी घरात नसावं, असं आईला वाटतं

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : या ताई ३८ वर्षांच्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. सत्ताविसाव्या वर्षी त्यांना बायपोलर आजाराचं (मन कधी अती चढतं, कधी खोल उतरतं, त्या आजाराचं) निदान झालं. त्यानंतर दोन वर्षांत लग्न मोडलं, तेव्हापासून त्या माहेरी असतात. गेली सहा वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर तब्येत स्थिर आहे. दीड वर्षापूर्वी रजेच्या अर्जासोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला शाळेत चारचौघांत वाचला गेला. तेव्हापासून जरा आवाज चढला की 'मॅडम, आज गोळी राहिली वाटतं' असं ऐकावं लागतं. आता धाकट्या भावाचं लग्न जमतंय. मुलीकडचे घर बघायला येणार आहेत आणि आईनं सांगितलंय, 'सकाळी पोहे-शिरा करून ठेव आणि अकराच्या एसटीनं दोन दिवस आत्याकडे जा.' ताई विचारतात : जाऊ का? बदली मागून कुणीच ओळखत नाही अशा गावी राहू का? आणि इतकी वर्षं बरी आहे, तर गोळ्याच बंद केल्या तर हा शिक्का पुसला जाईल का?

नमस्कार ताई,

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. गोळ्या बंद करू नका. सहा वर्षं तुम्ही बऱ्या आहात ते गोळ्या घेताय म्हणून. लिथियम एकाएकी सोडलं तर काही महिन्यांतच आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि त्या काळात जीव देण्याचे विचारही बळावतात. औषधाला कंटाळणं मी समजू शकते. हाताला कंप सुटतो, वजन वाढतं, सारखी तहान लागते. डोस कमी करावासा वाटत असेल तर तो विषय तुमच्या डॉक्टरांपुढे बसून काढा. पण शिक्षकांच्या खोलीतल्या कुणाच्या शेऱ्यावरून औषधाचा निर्णय घेऊ नका.

शिक्का गोळीमुळे बसलेला नाही, म्हणून गोळी सोडून तो पुसलाही जाणार नाही. आम्ही समुपदेशक वर्षानुवर्षं सांगत आलो की 'हा मधुमेहासारखाच आजार आहे, रोज गोळी घ्यायची, बस्स.' औषधापुरतं ते खरं आहे. पण साखर वाढलेल्या बहिणीला पाहुणे येताना कुणी आत्याकडे पाठवत नाही. तुम्ही जे सोसताय त्याला ही उपमा पुरत नाही, आणि ती देऊन तुमचं समाधान करायची माझी तयारी नाही.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. 'आईचं चुकतंय असं मला वाटतच नाही. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.' भारतात सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार) असलेल्या २८२ जणांशी बोलून एक अभ्यास झाला होता. आजार तुमच्याहून वेगळा, पण जे हाती आलं ते तुमच्या वाक्याशी जुळतं. लोकांनी आपल्याला प्रत्यक्ष वाईट वागवलं, असं १०० तल्या ४२ जणांनी सांगितलं. आणि आपण इतरांतले राहिलो नाही, वेगळे पडलो, अशी भावना १०० तल्या ७९ जणांमध्ये होती. म्हणजे लोकांनी बाहेर काढण्याआधीच माणूस स्वतःहून उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहतो.

असं का होतं? आजार होण्याआधीच आपण सगळे ही भाषा शिकलेलो असतो. पुण्या-साताऱ्याकडे 'याला येरवड्याला पाठवा', मुंबईकडे 'ठाण्याला नेऊन घाला', असं हसत हसत म्हणतच आपण मोठे होतो. येरवडा आणि ठाणे ही गावांची नावं, तिथं मनोरुग्णालयं आहेत, आणि ती नावं आपण शिवी म्हणून वापरली. तुम्हीही कधी वापरली असतील, मीही वापरली आहेत. मग एका दुपारी डॉक्टर आपल्याच आजाराचं नाव घेतात, आणि दुसऱ्यांसाठी जपून ठेवलेले ते सगळे शब्द एकदम आपल्याकडे वळतात. 'मी असते तर हेच केलं असतं' हे त्या जुन्या शिकवणीचं वाक्य आहे. ते तुमच्या आवाजात आलं, म्हणून तुमचं होत नाही.

आता बदलीचा प्रश्न. २७ देशांतल्या ७३२ जणांच्या अशाच एका मोठ्या पाहणीत, नोकरी आणि जवळची नाती या बाबतीत एक तृतीयांशाहून जास्त जणांना कधीच वाईट अनुभव आलेला नव्हता, तरी तो येणारच असं ते धरून बसले होते. ही भीती सामानाबरोबर नव्या गावालाही येते. तिथं कुणाला काही माहीत नसेल, म्हणून रक्ततपासणीला जाताना काय सांगायचं, गोळ्यांची पाकिटं कुठं टाकायची, रजा कशी मागायची, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. मला दुसरीच काळजी जास्त वाटते. सलग तीन रात्री तुम्ही तीनच तास झोपलात, तर आज ते तुमच्या आईच्या लक्षात येतं. परक्या गावी एकटं राहताना ते कोण बघणार? बदली कायमची बाद करा असं मी म्हणत नाही. नव्या गावी डॉक्टर ठरलेला असेल, विश्वासाचं निदान एक माणूस असेल, आणि चांगल्या शाळेसाठी जावंसं वाटत असेल, तर जरूर जा. पळून जायचं म्हणून जाऊ नका.

बैठकीच्या त्या दिवसाबद्दल बोलायच्या आधी आईबद्दल दोन शब्द. तुम्हीच लिहिलंय की अकरा वर्षांपूर्वी तिनं आधी तुम्हाला देवरुषाकडे नेलं, अंगारा लावला, आणि मग स्वतःच्या पाटल्या मोडून दवाखान्याचा खर्च केला. त्या बाईला मी दुष्ट म्हणणार नाही. घरात एकाला हा आजार असला की सगळ्या घराची स्थळं मागं फिरतात, हे तिनं पाहिलंय. तिची भीती खोटी नाही. पण तिनं काढलेला उपाय मला मान्य नाही, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

घरातले दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताहेत. आजाराविषयी न बोलणं ही एक गोष्ट, आणि माणसाला घरातून नाहीसं करणं ही दुसरी. आजार खासगी असू शकतो. पहिल्याच भेटीत, अनोळखी पाहुण्यांपुढे, आपल्या औषधांची यादी वाचायला कुणीच बांधील नाही, तुम्हीही नाही. पण तुम्ही खासगी नाही आहात. तुम्ही त्या घरातली मोठी मुलगी आहात, नवऱ्या मुलाची सख्खी बहीण आहात. आजार न सांगणं हा तुमचा हक्क आहे. तुम्हाला लपवून ठेवायचा हक्क मात्र कुणालाच नाही, आईलाही नाही.

व्यवहाराच्या बाजूनंही हा बेत टिकणारा नाही. तालुक्याच्या गावी स्थळ मोडायला भाऊबंदांपैकी एकाचा फोन पुरतो. तुमच्या आजाराची गोष्ट मुलीकडच्यांपर्यंत आज ना उद्या पोचेल. प्रश्न एवढाच आहे की ती नवऱ्या मुलाकडून कळेल की तिसऱ्याकडून. लग्नानंतर तिसऱ्याकडून कळली तर नव्या सुनेच्या मनात 'तुम्ही मला फसवलंत' हा राग राहील, आणि तो राग तुमच्यावर निघेल. आजारामुळे निघेल असंही नाही. लपवल्यामुळे निघेल.

मग काय करायचं? 'मला हा आजार आहे' असं बैठकीतच उठून सांगावं, असंही तुमच्या मनात आलंय. तसं करू नका. रागाच्या भरात सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला आजाराचंच लक्षण वाटते, आणि नंतर पस्तावा तुम्हाला होतो. मी म्हणेन, त्या दिवशी घरी थांबा. पाहुण्यांना नमस्कार करा, शाळेबद्दल बोला, त्यांनी विचारलं तर लग्न मोडलं एवढं सांगा. त्या दिवशी एवढं पुरे.

आजाराची गोष्ट पुढच्या टप्प्यावर, साखरपुड्याच्या आधी, भावानं त्या मुलीला एकटीला भेटून सांगावी. आजार तुमचा, म्हणून परवानगी तुमची. लग्न त्याचं, म्हणून बोलायचं त्यानं. किती सांगायचं हे तुम्ही दोघांनी आधी बसून ठरवा. 'ताईला अकरा वर्षांपासून बायपोलर आहे. औषध चालू आहे, सहा वर्षं ती स्थिर आहे, नोकरी करते, आणि ती आमच्याच घरी राहणार आहे. तुला काही विचारायचं असेल तर विचार,' एवढं बास होतं. यातलं 'आमच्याच घरी राहणार आहे' हे त्यानं स्पष्ट म्हणायला हवं. येणाऱ्या मुलीला तो मुद्दा लग्नाआधी कळण्याचा हक्क आहे, आणि तुम्हालाही तो भावाच्या तोंडून एकदा ऐकण्याचा. ताई, तुमच्या पत्रात आईची वाक्यं आहेत, शाळेतल्या सरांची आहेत, भावाचं मात्र एकही नाही. आईशी भांडण्याआधी त्याच्याशी बोला. कदाचित हा बेत त्याला धड माहीतही नसेल.

मुलीकडचे विचारतील, 'हे रक्तात असतं का?' खरं ते सांगा. बायपोलर आजाराला आनुवंशिक बाजू आहे. सर्वसाधारणपणे १०० तल्या सुमारे एकाला तो होतो. आईवडील किंवा सख्खं भावंड यांपैकी कुणाला असेल तर धोका वाढून १०० त ५ ते १० जणांपर्यंत जातो. याचा अर्थ ९० ते ९५ जणांना होत नाही. भाऊ ३१ वर्षांचा आहे, आणि हा आजार बहुतेकांमध्ये विशीच्या आगेमागे दिसू लागतो. त्याच्या मुलांशी तुमचं नातं आणखी एक पायरी लांबचं, तसा धोकाही आणखी कमी. एवढं ऐकूनही कुणाला भीती वाटू शकते. वाटू दे. निदान ती खऱ्या आकड्याची भीती असेल.

'उद्या मुलीनं कोर्टात फसवणुकीचा दावा लावला तर?' हीसुद्धा वडिलांची काळजी आहे. हिंदू विवाह कायदा मानसिक आजाराबद्दल बोलतो तेव्हा तो लग्न करणाऱ्या दोघांच्या मानसिक स्थितीबद्दल बोलतो. नवऱ्या मुलाच्या बहिणीच्या आजाराबद्दल त्यात काही नाही. ज्या वाचकांना स्वतःला असा आजार आहे आणि लग्न करायचं आहे, त्यांच्यासाठी मात्र गोष्ट वेगळी. स्वतःबद्दलची महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली, तर ते कळल्यापासून वर्षाच्या आत जोडीदार लग्न रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो. त्यांनी लग्नाआधी जोडीदाराला स्वतः, स्पष्ट सांगावं. आणि लग्न झालेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की आजाराचं नुसतं नाव घटस्फोटाला पुरत नाही. आजार किती तीव्र आहे हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच म्हटलंय.

हे सगळं करूनही स्थळ मोडू शकतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मोडलं तर घरात काही दिवस फार जड जातील, आणि कुणीतरी तुमच्याकडे बघून सुस्कारा टाकेल. त्या दिवसासाठी आत्ताच भावाकडून एक शब्द घ्या : 'हे ताईमुळे झालं' असं घरात कुणी बोललं, तर उत्तर तो देईल.

आणि ऐन वेळी तुमची हिंमतच झाली नाही, तुम्ही एसटीत बसलात, तर? तर स्वतःला दोष देऊ नका. पण जाताना आईला एक वाक्य सांगून जा : 'या वेळी जाते. साखरपुड्याला मी पहिल्या रांगेत असेन.'

शाळेबद्दल. पोषण आहाराच्या नोंदीतली दुसऱ्याची चूक तुमच्या नावावर आली, तुम्ही आवाज चढवलात, आणि चर्चा झाली ती तुमच्या गोळीची. मला ही जखम सगळ्यात खोल वाटते. आजार जाहीर झाल्यावर तुमचा रागावण्याचा हक्कच काढून घेतला जातो. हसलात तर 'चढलंय', गप्प बसलात तर 'उतरलंय'. मग माणूस स्वतःचा प्रत्येक भाव तोलून, निम्मा करून बाहेर काढायला लागतो, आणि शेवटी आपलं खरं काय तेच त्याला कळेनासं होतं. मदतगटात एका बाईंनी मला सांगितलं होतं की त्या सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीलाही मोकळ्या रडल्या नाहीत, कुणीतरी डॉक्टरांना फोन करेल म्हणून.

इथं मी एक वाटणी सुचवते. 'झोप कमी झालीय का? गोळी घेतलीस का?' हे विचारायचा हक्क तुम्ही स्वतः दोघा-तिघांना द्या. आई, भाऊ, आणि दाखला वाचला गेला त्या दिवशी तुमच्यासोबत स्टँडपर्यंत चालत आलेल्या त्या सहशिक्षिका. त्यांनी विचारलं तर चिडायचं नाही, प्रामाणिक उत्तर द्यायचं, कारण आपल्याला चढ लागतोय हे कधी कधी आपल्याआधी त्यांना दिसतं. बाकी कुणालाच तो हक्क नाही. बाकीच्यांना एकच उत्तर, शांतपणे, दर वेळी तेच : 'गोळी वेळेवर घेतली आहे सर. आता नोंदीचं बोलू.' दहा वेळा म्हणावं लागेल. अकराव्या वेळी ते नोंदीचं बोलायला लागतात, हे मी पाहिलंय.

पुढच्या रजेच्या दाखल्यावर आजाराचं नाव न घालता 'उपचार चालू असून इतक्या दिवसांच्या विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहिता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती उपचार करणाऱ्यांनी गुप्त ठेवावी, हा रुग्णाचा हक्क आहे. नोकरी जाईल ही धास्तीही मनातून काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दीर्घकालीन मानसिक आजार येतो, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी नोकरीतून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. छळ वाढलाच तर सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा, असंही त्याच कायद्यात आहे. तिथं जायचं तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं हे वहीत लिहून ठेवायला आजपासून सुरुवात करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. लग्नघर हे बायपोलर असलेल्या माणसासाठी नाजूक ठिकाण असतं, आणि लपवालपवी असेल तर जास्तच. देवकार्य, हळद, वरात, सलग तीन-चार रात्रींचं जागरण. झोप मोडली की चढ यायला वेळ लागत नाही. त्यात पाहुण्यांसमोर गोळी कशी घ्यायची म्हणून डोस चुकतो. म्हणून आत्ताच ठरवा : दहाला तुम्ही झोपायला जाणार, शेजारच्या घरी का होईना, दार लावून. गोंधळाला तुम्ही रात्रभर बसला नाहीत तर देव रागावणार नाही. निर्जळी उपवास करू नका, उन्हात धावपळ असेल तर पाणी आणि जेवणातलं मीठ कमी पडू देऊ नका, आणि अंग दुखतंय म्हणून कुणी दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. यातलं काही चुकलं तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. जुलाब-उलट्या, हाताचा कंप एकदम वाढणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लग्नाच्या महिनाभर आधी लिथियमची पातळी तपासून घ्या, आणि थायरॉइड व मूत्रपिंडाच्या तपासण्या राहिल्या असतील तर त्याही.

तुमच्यासारखीच माणसं भेटावीत असं मला मनापासून वाटतं. पुण्यात जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. अशा मदतगटांत आजार असलेल्याला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. 'पेशंट' आणि 'नातेवाईक' ऐकून थकलेल्या कानांना हे शब्द बरे वाटतात. आईला तिच्यासारख्या दुसऱ्या आया भेटल्या तर तिची भीती मी लिहिलेल्या चार पानांपेक्षा लवकर उतरेल. इतकं लांब जाणं जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा. आणि एखाद्या रात्री सगळं असह्य झालं, जगणं नको वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या आईनंही केला तरी चालेल.

भावाशी आज-उद्या बोलून घ्या. आणि बैठकीच्या दिवशी सकाळी पोहे तुम्हीच करणार असाल, तर पाहुण्यांपुढे बशा घेऊनही तुम्हीच या.